जाळीच्या अलीकडे

"मला एवढंच सिद्ध करून हवंय, की कोंबड्या मी मारल्या नाहीत."

खुर्चीत बसण्याआधीच ती तरुण बाई हे बोलली. बापूला हसू आलं आणि ते लपवायला त्यानं खोकल्याचं सोंग केलं. ताईच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात आजवर पळालेले नवरे, गहाळ दागिने, खोट्या सह्या असं बरंच काही येऊन गेलं होतं. कोंबड्या पहिल्यांदाच येत होत्या.

ताई हसली नाही. खासगी चौकश्यांचा धंदा सुरू करण्याआधी तिनं जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य काढलं होतं आणि साहेबाशी एकदाच, पण कायमचं भांडून ती तिथून बाहेर पडली होती. बापू तिचा धाकटा भाऊ. बसच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यावर तो तिची गाडी चालवायचा, चहा करायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा. तिन्ही कामं तो मनापासून करायचा.

"बस आधी," ताई म्हणाली. "कोण म्हणतं तू मारल्या?"

"सगळेच. थोरले दीर, सासूबाई, शेजारपाजार. नवरा तेवढा माझ्या बाजूनं आहे." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "मला माहेरी पाठवलंय. दीर पोलिसांत तक्रार देणार आहेत."

बापूनं चहा ठेवला आणि कान इकडेच ठेवले. तिच्या सासरी कोंबड्यांची एक लांबलचक शेड होती. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा कोर्टकचेरी नको म्हणून शेडच्या मधोमध तारेची जाळी ठोकली गेली. जाळीच्या अलीकडची, घराला लागून असलेली बाजू थोरल्याची आणि पलीकडची धाकट्याची. पाण्याची टाकी मात्र एकच राहिली, आणि दोन्हीकडे लस द्यायचं काम या धाकट्या सुनेकडे आलं, कारण तिनं त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं.

"गेल्या महिन्यात मानमोडी आली," ती म्हणाली. "दिरांच्या बाजूच्या तलंगा पटापट गेल्या. अंड्यावर यायच्या बेतात होत्या हो. माना उलट्या फिरायच्या, एक पाय पुढे, एक मागे, हिरवी हगवण. आमच्या बाजूच्या धडधाकट. जाळीच्या एका अंगाला मेलेल्यांचा खच आणि दुसऱ्या अंगाला कोंबड्या दाणे टिपतायत. मग लोक काय म्हणणार? धाकटीनं आपल्या पक्ष्यांना लस दिली आणि दिरांच्या पक्ष्यांना नुसतं निळं पाणी पाजलं."

"निळं?" बापूनं विचारलं.

"लशीच्या पाण्यात निळा रंग घालतात, काका. पक्षी प्यायला की त्याची जीभ निळी होते. कोण प्यायलं, कोण नाही, ते कळतं."

"लस दिलीस त्या दिवशी काय काय केलंस, ते सांग," ताई म्हणाली. "काही गाळू नकोस."

"अंधारातच उठले. दोन्हीकडची पाण्याची भांडी दोरीनं वर ओढून ठेवली. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याची मूठ काढून जवळ ठेवली. पक्षी तहानले पाहिजेत, तरच लशीचं पाणी भराभर पितात. ती लस म्हणजे जिवंत विषाणू असतो, ताई. पाण्यात फार वेळ राहिली की निकामी होते. मग मी विहिरीवर गेले. विहीर शेडच्या त्या टोकाला आहे, आमच्या बाजूला. घरच्या नळाला जंतुनाशक घातलेलं पाणी येतं, त्यानं लस मरते, म्हणून नळाच्या पाण्याला मी हात लावत नाही. विहिरीचं पाणी पिंपात भरलं, त्यात दुधाची पावडर, रंग, आणि शेवटी बर्फातली लस. उजाडल्यावर गडी आला. एकाच पिंपातलं पाणी मी आमच्या बाजूला ओतलं, त्यानं दिरांच्या बाजूला."

"आणि दीर?"

"ते आदल्या दिवशीच ट्रक घेऊन खाद्य आणायला गेले होते. दुसऱ्या दिवशी परत आले."

"जिभा बघितल्यास?"

"आमच्या बाजूच्या बघितल्या, चांगल्या निळ्या होत्या. दिरांच्या बाजूला दाराशी दोन-चार धरल्या, त्या निळसर होत्या. तेवढ्यात सासूबाईंची हाक आली." तिनं चहाचा कप हातात घेतला, पण प्यायली नाही. "तेवढं माझं चुकलं. आतपर्यंत जाऊन बघायला हवं होतं."

"नवरा काय म्हणतो?"

तिचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "रोज फोन करतात. म्हणतात, जरा निवळू दे, मग न्यायला येतो. सगळ्या जगानं मला विचारलं, खरंच लस दिलीस का? त्यांनी एकदाही विचारलं नाही. ताई, मला त्या घरात मान वर करून परत जायचंय. दुसरं काही मागत नाही मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूनं गाडी काढली. रस्ता मोकळा होता, तेव्हा त्याचं डोकंही चालू लागलं.

"बर्ड फ्लू असणार," तो म्हणाला.

"बर्ड फ्लूनं जाळी बघून पाऊल उचललं असतं का रे? दोन्हीकडच्या गेल्या असत्या, आणि उरल्यासुरल्या सरकारी माणसांनी पुरल्या असत्या."

"मग ते दुसरं असतं ना, गंबोरो."

"तो विषाणू पिल्लांना गाठतो. या मोठ्या तलंगा."

"विष घातलं असेल कुणी."

"मान वाकडी करून दिवसचे दिवस तडफडायला लावणारं विष मला तरी ठाऊक नाही. आणि प्रयोगशाळेचा अहवाल आलाय. मानमोडीचाच विषाणू. तो चपलेला चिकटून येतो, गाडीच्या चाकाला, खाद्याच्या पोत्याला, वाऱ्यानंसुद्धा. या भागात घरोघरी आलाय. एवढ्याशा जाळीनं तो अडत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंना सारखाच पोचला. पलीकडच्यांची लस कामाला आली, अलीकडच्यांची आली नाही. खुनी कोण ते ठरलंय. दार कुणी उघडं ठेवलं, एवढंच शोधायचं."

बापूनं मान डोलावली. त्याला वाटलं, आपणही हेच म्हणणार होतो.

थोरला भाऊ फाटकातच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. ताईला आत येऊ द्यायला तो तयार झाला ते, तक्रारीला पुरावा मिळेल या आशेवर. जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवून तिघं शेडमध्ये शिरले.

अलीकडची बाजू रिकामी होती. जमिनीवर पसरलेलं तूस उपसून चुना मारला होता, तरी वास गेला नव्हता. पाण्याची लाल भांडी धुऊन कोपऱ्यात रचली होती. जाळीपलीकडे मात्र कोंबड्यांचा नेहमीचा गलबला चालला होता. थोरला तिकडे बघत नव्हता.

"माझ्या हातानं खड्ड्यात टाकल्या," तो म्हणाला. "काही जिवंत होत्या. मान धरून सरळ करायला जायचो, परत फिरायची. लहान पिल्लू असल्यापासून वाढवलेल्या. तुम्हीच सांगा, एकच पिंप, एकच लस, मग ह्या मेल्या आणि त्या जगल्या कशा?"

"तुमचं काय म्हणणं?"

"रंग वेगळा मिळतो बाजारात. लस घातली काय आणि न घातली काय, पाणी निळंच दिसतं. माझ्या बादल्यांत नुसता रंग होता. मी घरी असतो तर हिंमत झाली नसती तिची."

ताईनं वाद घातला नाही. शेडच्या जाळीदार भिंतीशी जाऊन ती बाहेर बघत राहिली. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ घराची एक खिडकी होती. शेजारी न्हाणीघराचं मागचं दार.

"ती खिडकी कुणाची?"

"आईची खोली. का?"

"सहज."

गडी पलीकडच्या बाजूला खाद्य टाकत होता. मध्यमवयीन, घाबरलेला माणूस. त्याच्या खाकी विजारीवर गुडघ्यापासून खाली निळे डाग होते. बापूनं ताईला कोपरानं खुणावलं.

"डाग कसले रे?" ताईनं विचारलं.

"लशीच्या दिवशीचे, बाई. किती धुतले तरी जात नाहीत."

"पाणी ओतताना उडालं?"

"ओतताना नाही. दुपारी भांडी रिकामी करताना. मोठ्या मालकांच्या बाजूची अर्धीअधिक भरलेलीच होती. आतला सगळा रंग अंगावर आला. बाहेरची गटार निळी झाली होती."

"आणि पलीकडची भांडी?"

"ती चाटूनपुसून साफ. ओतल्या ओतल्या संपवलं त्यांनी."

"एवढं पाणी राहिलं, ते कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. मालक म्हणाले, ओतून टाक. मी ओतलं." तो थोरल्याकडे चोरून बघत म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"सकाळी तू यायच्या आधी घरात गेला होतास?"

"मी? घरात कधी जात नाही, बाई. मला फाटकाची किल्लीसुद्धा देत नाहीत. हाक मारतो, कुणीतरी उघडतं."

बाहेर आल्यावर बापू कुजबुजला, "हाच. यानंच बादल्या बदलल्या. लस विकली कुठेतरी."

"अरे, लस पिंपात पडल्यावर हा आला," ताई म्हणाली. "पिंपातून विकत घेणारं गिऱ्हाईक मला दाखव."

सासूबाई अंथरुणावर बसूनच भेटल्या. कपाळाला फडकं घट्ट बांधलेलं. अर्धशिशीचा जुना आजार. आजाराबद्दल बोलताना त्यांच्या आवाजाला जी धार आली, ती आजारी माणसाची नव्हती.

"त्या पोरीला सांगून दमले मी. पाखरं उपाशी-तहानलेली ठेवतेस, ती माझ्या उशाशी बोंबलतात, डोकं फुटायची वेळ येते. दर खेपेला तेच. म्हणते, आई, नियमच आहे. नियम. माझं डोकं उठतं त्याला नियम नाही."

"त्या दिवशीही फार त्रास झाला असेल," ताईनं हळहळून विचारलं.

"त्या दिवशी?" म्हातारी आठवू लागली. "त्या दिवशी नाही झाला बाई फारसा. ओरडत होती, पण लांबून. लांबचं चालतं मला. उलट उजाडेपर्यंत झोप लागली चांगली. त्रास झाला तो नंतर. अंघोळीला गेले तर न्हाणीतलं पिंप कोरडं ठणठणीत. रात्री काठोकाठ भरलेलं होतं, मी बघितलं होतं. तिनंच नेलं असणार सगळं पाणी तिच्या त्या निळ्या उद्योगाला. अंघोळ सोडा, चूळ भरायला पाणी नव्हतं. मग मारली हाक तिला."

"तुम्ही स्वतः पाणी उचलता का कधी?"

"तांब्या उचलला तरी ठणका लागतो."

धाकटा भाऊ, म्हणजे सुनेचा नवरा, व्हरांड्यात चहा घेऊन उभा होता. देखणा, मऊ बोलणारा माणूस. त्यानं बापूला खुर्ची दिली, ताईच्या कपाखाली बशी ठेवली. बापूला तो फार आवडला.

"बायकोवर तुमचा विश्वास आहे म्हणे," ताई म्हणाली.

"पूर्ण. तिनं लस दिली होती, दोन्हीकडे दिली होती."

"बघितलंत?"

"नाही. पण मला खात्री आहे."

"मग भावाला तसं सांगत का नाही?"

त्यानं खाली बघितलं. "दादाचं नुकसान मोठं झालंय. आईची तब्येत ही अशी. आत्ता कुणाला काही बोललं की भडका उडतो. मला घरात भांडण नको असतं, ताई. निवळेल हळूहळू."

ताईनं रिकामा कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "तुमच्या बायकोला बोलावून घेते. सगळ्यांसमोरच सांगायला हवं."

ती आली तोवर दुपार कलली होती. बापूच तिला घेऊन आला. वाटेत तिनं विचारलं, "दीरच ना, काका?" आणि बापूनं, काही ठाऊक नसताना, "बघू या," असं म्हटलं. त्याच्याही मनात थोरलाच होता. मालक म्हणाले ओतून टाक, आणि गडी बघत होता थोरल्याकडे. विम्याबिम्याचं काहीतरी असेल.

बैठकीच्या खोलीत सगळे जमले. म्हातारी आरामखुर्चीत, थोरला दाराला टेकून, धाकटा आईच्या खुर्चीमागे. सून उंबऱ्यापाशी उभी राहिली. तिला बस कुणी म्हटलं नाही.

"थोरल्यांचं म्हणणं, यांच्या पक्ष्यांना नुसता रंग पाजला," ताईनं सुरुवात केली. "समजा तसं झालं. तहानलेल्या कोंबडीला पाण्यात लस आहे की नाही हे कळतं का? नुसता रंगही ती घटाघटा प्यायली असती. पण या बाजूची भांडी दुपारपर्यंत भरलेली होती. गड्याच्या विजारीला विचारा. पाणी लबाडीचं असतं तर ते संपलं असतं. ते उरलं, म्हणजे पक्ष्यांना तहान नव्हती."

थोरला दारापासून सरळ झाला.

"पलीकडच्यांना होती. त्या ओरडत होत्या. आईंनी ऐकलं, पण लांबून. उशाशी असलेल्या कोंबड्या गप्प का होत्या? कारण उजाडायच्या आत त्यांना कुणीतरी साधं पाणी पाजलं होतं. भांडी खाली सोडली, पाणी ओतलं, पक्षी प्यायले, भांडी पुन्हा वर ओढली. मग लस आली तेव्हा त्यांनी चोच बुडवली न बुडवली. आणि भांड्यांच्या तळाशी जे पाणी राहिलं होतं, ते जंतुनाशकाचं होतं. वरून ओतलेली लस त्यानं मारली. मागून रोग आला, त्याला मोकळं रान मिळालं."

"टाकी तर बंद होती," थोरला म्हणाला. "मूठ हिच्याजवळ होती."

"म्हणूनच ते पाणी न्हाणीघरातून आलं. सूनबाई नळाच्या पाण्याला हात लावत नाही. तरी काठोकाठ भरलेलं पिंप सकाळी कोरडं होतं. मागचं दार शेडकडे उघडतं. बादल्या उचलायला अंगात जोर हवा आणि उजाडायच्या आत घरात असायला हवं. तुम्ही ट्रक घेऊन गेला होता. गडी फाटकाबाहेर होता. आई तांब्या उचलत नाहीत. सूनबाई त्या टोकाला विहिरीवर होती."

बापूनं मनातल्या मनात माणसं मोजली. उरला होता तो, ज्यानं त्याला खुर्ची दिली होती.

"गडी म्हणाला, मालक म्हणाले ओतून टाक. त्या दिवशी घरात मालक एकच होता." ताईचा आवाज चढला नाही. "तुम्ही सगळे त्या जाळीकडे दोन भावांची हद्द म्हणून बघता. म्हणून तुम्हाला यात भाऊबंदकी दिसली. ती आणखी कशाची तरी हद्द आहे. जाळीच्या अलीकडचा ओरडा आईंच्या खिडकीत येतो, पलीकडचा येत नाही. पाणी पाजणाऱ्यानं वाटणी बघितलीच नाही. त्याला आईची झोप मोडू द्यायची नव्हती, एवढंच."

धाकट्यानं आईच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"आई उठली असती," तो म्हणाला. "मग हिला बोलली असती, ही उलटून बोलली असती, दिवसभर तेच. मला वाटलं, घोट-घोट पाण्यानं काय होतंय. खरंच वाटलं नाही हो. भांडी भरलेली बघितली तेव्हा जरा चरकलो. मग म्हटलं, थोडंफार तर प्यायल्याच असतील."

"आणि मरायला लागल्या तेव्हा?"

"दादा ओरडत होता. त्यानं हिचं नाव घेतलं. मी बोलणारच होतो. मग वाटलं, आज नको, उद्या बोलू."

पहिली सावरली ती म्हातारी. तिनं मागे हात नेऊन मुलाचा हात थोपटला. "आईची काळजी केली माझ्या लेकानं. हा काय गुन्हा झाला? चुकतं माणसाचं."

थोरल्यानं तोंडावरून हात फिरवला. भावाकडे बघितलं, मग छताकडे. "जाऊ दे," तो अखेर म्हणाला. "घरातली गोष्ट आहे, घरातच राहू दे. तक्रार-बिक्रार काही नको आता."

बापूला संताप आला. बाहेरून आलेल्या पोरीसाठी काल पोलीस तयार होते, आज रक्ताच्या भावासाठी छताकडे बघणं पुरत होतं. त्यानं ताईकडे पाहिलं, की ही आता चांगली खडसावेल. ती चष्मा पुसत होती.

"तूही मनावर घेऊ नकोस," म्हातारी सुनेला म्हणाली. "तुझ्यावरचा आळ गेला ना? झालं तर मग. आत ये, हातपाय धू."

सून उंबऱ्यावरून हलली नाही. नवऱ्याकडे बघत तिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही रोज फोन करत होतात. मी रडायचे. तेव्हा तुम्ही काय विचार करायचात?"

"तुला बरं वाटावं, म्हणून तर करायचो," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हे बापूला कळलं, आणि त्यामुळे सगळं आणखीच वाईट झालं.

ती वळली आणि गाडीत जाऊन बसली. तिला कुणी अडवलं नाही. नवरा फाटकापर्यंत आला, आतून आईनं त्याला हाक मारली, तसा तो परत गेला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. शेवटी बापूला राहवलं नाही. "पोरी, तू खोटी नव्हतीस, हे तर सिद्ध झालं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पुढच्या सीटकडे वाकून विचारलं, "ताई, दुसरं कुणी निघू शकलं नसतं का हो? दीर निघाले असते तर मी आज तिथे राहिले असते."

ताईनं खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली, आणि बापूला गाडी सावकाश चालवायला सांगितली.